मंगळवार कुणाचा

राजारामपुरीत, नवव्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर
एक खोली आहे. भाडं साडेचार हजार,
सहा घरांत साडेसातशे.
हिशेब माझ्याकडे. हजेरीही माझ्याकडेच,
पण ती मुलांची नाही, आमची.

दारावर पाटी नाही.
कुणी विचारलंच तर गिरणीवाले मगदूम सांगतात,
"वर होय? वर पोरं असत्यात."
एवढंच आमचं नाव.

सोमवार भूपाल कुंभोजेचा, कारण सोमवारी उद्यमनगर बंद.
तो खिशातून व्हर्नियर काढतो
आणि केस मोजायला लावतो:
स्वतःचा, आजीचा, गल्लीतल्या बोक्याचा.
बोक्यानं दोघांना ओरबाडलं. दशांश चिन्ह
अजूनही कुणी विसरत नाही.

बुधवारी शमशादभाभी. त्या शिकवत नाहीत असं त्याच म्हणतात.
पुस्तक उघडतात, अडतात,
"मला पण नाही आलं, बघू या" म्हणतात,
आणि नऊ डोकी एका पानावर वाकतात.

गुरुवार माझा. व्याकरण.
गुरुवारी मुलांना तहान फार लागते.

शुक्रवारी डॉक्टर हेब्बाळे, वीस मिनिटं उशिरा.
उशिराचे पन्नास रुपये बरणीत.
बरणीचं भडंग आणतो आम्ही,
त्यामुळे ते वेळेवर यावेत असं कुणालाच वाटत नाही.

शनिवारी मोठ्यांची बैठक.
परीक्षा घ्यायची की नाही, यावर अकरा शनिवार गेले.
वहीत ठराव आहे, माझ्याच अक्षरात:
नंतर बघू.
खाली गिरणी चालू झाली की फरशी थरथरते,
फळ्याखालचा खडू आपणहून सरकत जातो
आणि बोलणारा थांबतो, आपलंच वाक्य हललं असं वाटून.

मंगळवार सुलक्षणाचा होता.
जूनमध्ये तिनं यशोधनला शाळेत घातलं.
सासूबाई, मग नणंद, मग सतरा नंबरच्या फॉर्मची भीती,
जी मलाही आहे, रात्री दोनला,
गिरिजाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करताना.
सुलक्षणा किल्ली द्यायला आली, सूक्ष्मदर्शकही घेऊन आली,
कांद्याची काचपट्टी त्यातच राहिलेली.
कुणी काही बोललं नाही.
भांडली असती तर बरं झालं असतं.

साडेचार हजार भागिले पाच,
हे उत्तर आमच्याआधी मुलांनी काढलं होतं.

वेळापत्रकात मंगळवारपुढे मी रेघ मारली.
मुलं तरी आली. मी दुपारी पाहायला गेले तर
खोली रिकामी, आणि खाली
मगदूम बँकेत गेलेले, गल्ल्यावर जुबेर,
काट्यावर गिरिजा, पांढऱ्या भुवयांची,
डब्यांवर नावं घालणारा एक, वाचणारे तीन,
आणि एका बाईंच्या ज्वारीत
तीन किलो गहू कसा गेला यावर
सगळे एकदम बोलत होते.
मगदूम आले. आईवडिलांचा उद्धार झाला, म्हणजे आमचा.
मग डोक्यावरची टोपी काढून, झटकून, म्हणाले,
"मंगळवारीच असती बघा बँक माझी."

जमाखर्चात मी लिहिलं:
ज्वारीत गहू, एकशे वीस रुपये, खर्च.
कुठल्या विषयाखाली, ते ठरेना.
रेघ तशीच आहे.

हल्ली मंगळवारी साडेपाचला
गणवेशातला एक मुलगा गिरणीच्या पायरीवर दिसतो,
टाय खिशात, पाठीवर दप्तर.
"आज कुणाचं काय सांडलं?" विचारतो.
मुलं सांगतात. अर्धं खोटं असावं.
मग वरून कुणीतरी हाक मारतं, जिन्यावर पावलं वाजतात,
आणि मी हजेरी उघडून बसते,
जिच्यात मुलांसाठी रकानाच नाही.